आमच्या साडूंचा समुद्र

चिखलीच्या बाजारात अशी एकही वस्तू नसेल, जी आमच्या साडूंनी कानाशी धरून हलवून, पालथी करून आणि शेवटी वास घेऊन नापास केलेली नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींतली करपलेली तार काढून नवी गुंडाळायची, हा त्यांचा धंदा. पण तो पोटापुरता. त्यांचं खरं आयुष्य निवड करण्यात जातं. स्वतःसाठीच नव्हे, साऱ्या गणगोतासाठी. घरात कुकर घ्यायचा होता तेव्हा त्यांनी दुकानदाराला शेगडी पेटवायला लावली, एकामागून एक कुकर चढवले आणि डोळे मिटून शिट्ट्या ऐकल्या. एक नापास करताना म्हणाले, "याची शिट्टी रडकी हाय. रोज सकाळी घरात रडारड कोण आईकन?" सोफा घेताना त्यावर दुपारची झोप काढली, म्हणे बसायला काय, दगडावरही बसता येतं. दुकानदाराने शेवटी पंखा लावून दिला. मला मुलगी द्यायची की नाही हे पाहायलाही सासरच्यांनी त्यांनाच बुलढाण्याला पाठवलं होतं. त्यांनी मला शिक्षण, पगार, शेती काही विचारलं नाही. दुपारच्या उन्हात टेकडीवर चढवलं, वर पोचल्यावर माझा श्वास ऐकला आणि घरी जाऊन अहवाल दिला, "पोरगा बोलत नाही. पण आवाज न करणारी मोटर चांगली असते."

त्यांची आयुष्यातली ही एकच निवड चुकली, असं मला फार दिवस वाटत होतं. आवाज न करणारी मोटर आतल्या आत जळतही असते, हे त्यांना मीच सांगायला हवं होतं. ते आता सांगून झालं आहे, म्हणून तर हे इतकं मोकळेपणाने लिहितो आहे.

झालं ते असं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमची दोन्ही घरं कोकणात गेली. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई मोठ्या लेकीकडे, साडूंच्या घरी राहतात. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कुणी पाहिला नव्हता. सासूबाईंच्या बोटात सासऱ्यांची सोन्याची अंगठी असे, सैल होते म्हणून दोरा गुंडाळलेली. लाट पायाशी आली तशी त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या, अंगठी काढली आणि "जावईबापू, एवढी सांभाळा जी," म्हणत माझ्या हातावर ठेवली. मी ती शर्टाच्या खिशात टाकली. मग सगळ्यांच्या चपला भिजू नयेत म्हणून त्या गोळा करून वर, नारळपाण्याच्या गाडीजवळच्या कोरड्या वाळूत नेऊन ठेवल्या. तिथेच वाकलो असेन. संध्याकाळी लॉजवर खिशात हात घातला तेव्हा बोटांना वाळू लागली, अंगठी नाही.

त्याच वेळी बाहेर सासूबाई म्हणत होत्या, "म्या कोणाजवळ तरी देली होती व माय. जावयाजवळच देली वाटते." ताईंनी साडूंना विचारलं. ते म्हणाले, "नाही बुवा." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी नकारार्थी मान हलवली. बोललो काहीच नाही, नुसती मान हलवली. सासूबाई अंगठी घालूनच पाण्यात गेल्या, ती लाटेत निसटली आणि त्यांना आता आठवत नाही, असं ठरून गेलं. 

अंगठीपुरतंच हे राहिलं असतं तर मी कदाचित निभावून नेलं असतं. पण घरी आल्यावर 'आईला विसर पडतो' हे वाक्य घरात राहायला आलं. ताईंनी आधी त्यांच्या औषधाच्या गोळ्या ताब्यात घेतल्या, मग कपाटाच्या किल्ल्या, मग गॅसजवळ जाणं बंद केलं. धाड गावच्या कुठल्या लग्नात कुणी कोणतं पातेलं आहेर केलं हे सांगणारी ही बाई. पण आपल्याला विसर पडतो हे चार माणसांनी रोज सांगितल्यावर तीही मानू लागली. एकदा मी गेलो असता त्या दारात उभ्या राहून ताईंना विचारत होत्या, "म्या आंघोळ केली ना व?" त्यांचे केस अजून ओले होते. मी पाणी प्यायलो आणि परतीची एसटी धरली.

साडूंना सासूबाईंचं हे उतरलेलं तोंड बघवेना. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "सोनं काही सडत नाही, अन् समुद्र काही पळून जात नाही. आपण वाळूतलं सोनं शोधाचं मशीन घेऊ." आणि त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी निवड सुरू झाली. दुकानात मोटारी तशाच पडून राहिल्या, शेतकरी शिव्या देऊन गेले, आणि साडू मोबाइलवर परदेशातल्या किनाऱ्यांवर अर्ध्या चड्डीत फिरणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघत बसले. इंग्रजी त्यांना कळत नाही, पण मशीनचा आवाज कळतो. ते कानाला फोन लावून सांगायचे, "आईक, हे टिंग म्हणजे नाणं. हे खर्र म्हणजे खिळा. हा गोरा आता उगाच खंदून राह्यला."

जालन्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी साधं मशीन आठवड्याच्या बोलीवर आणलं आणि परसात फिरवून पाहिलं. आमच्या भागात माणूस जमिनीकडे बघत चालू लागला की तो गुप्तधन शोधतो आहे, याबद्दल कुणाला शंका नसते. दुसऱ्याच दिवशी एकजण पिशवीत लिंबू, हळद आणि काळा दोरा घेऊन हजर झाला. डोणगावाकडचा एक पाहुणा आपल्या बांधावरच्या जुन्या चिंचेची माहिती कुजबुजत देऊन गेला. निम्मा वाटा मागत होता. शेवटी साध्या वेशात एक पोलीस चहाला आला. साडूंनी त्याला मशीन हातात दिलं, त्याच्याच कमरेच्या पट्ट्याचं बक्कल वाजवून दाखवलं, आणि विचारलं, "साहेब, तुमी कधी समुद्रावर गेलते का? तिथली वाळू कशी असते, बारीक का भरड?" तो चहा अर्धा टाकून गेला.

खरी अडचण मिठाची होती. खाऱ्या पाण्यातून वीज जाते, त्यामुळे साध्या मशीनला ओली खारी वाळू म्हणजे धातूच वाटते, हे साडूंना व्हिडिओवरून समजलं होतं. पण दुसऱ्याने सांगितलेलं मानतील तर ते साडू कसले! आपल्या जिल्ह्यात लोणारसारखं खारं सरोवर असताना कोकणात कशाला जायचं, म्हणून मशीन खांद्यावर टाकून ते लोणारला पोचले. तिथल्या पहारेकऱ्याने ते संरक्षित ठिकाण असल्याचं सांगून वरच्या वर परत पाठवलं. "जिल्ह्यात खारं पाणी असून काय फायदा!" असं पुटपुटत आले आणि त्यांनी परसात स्वतःचा समुद्र तयार केला. प्लास्टिकचा ड्रम आडवा कापला, त्यात रेती भरली, ताईंची अंगठी पुरली. कोरड्या रेतीत मशीनने ती गोड आवाजात दाखवली. मग बादलीत खडेमीठ कालवून ओतलं, तसं ते मशीन लग्नातल्या बँडसारखं केकाटू लागलं. अंगठी काढून घेतली तरी थांबेना.

त्यांनी माझ्यापुढे उमेदवार मांडले. एक हे साधं, कोरड्या वाळूपुरतं. दुसरं अनेक लहरी एकदम सोडणारं, म्हणून मिठाला न फसणारं, पण भारी. तिसरं मीठबीठ काही न मानणारं, खोलवरचं शोधणारं, मात्र "त्याले खिळा काय न् खजिना काय, सगळे सारखेच. आपल्या सरपंचासारखं." वाळूवर फिरवायची तबकडी पाण्यात बुडली तरी चालणारी हवी, खिळे गाळताना सोन्याला फेटाळणार नाही असं बटण हवं, लाटांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून कानावरचे फोन हवेत. एवढं सगळं सांगून ते थांबले आणि म्हणाले, "सगळं एकाच गोष्टीवर हाय बे. अंगठी ओल्या वाळूत पडली का कोरड्या?"

ते उत्तर अख्ख्या महाराष्ट्रात फक्त मला माहीत होतं. मी म्हणालो, "सगळे म्हणतात तसं... पाण्यातच."

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. दुसऱ्या नंबरचं मशीन मागवायचं जवळजवळ नक्की झालं होतं, फक्त शेवटची एक तपासणी बाकी होती. परसात गेलो तर ड्रमाशेजारी स्टुलावर सासूबाई बसलेल्या. साडू त्यांना समजावत होते, "आई, हा समुद्र हाय असं समजा. त्या दिवशी हात कसा होता, किती खोल गेलता, थे दाखवा. म्हंजे मले अंदाज येईन." सासूबाईंनी पदर खोचला, त्या खारट पाण्यात मनगटापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून आठवू लागल्या. जे कधी घडलंच नव्हतं ते आठवण्यासाठी त्यांच्या कपाळावर इतक्या आठ्या पडल्या होत्या! बऱ्याच वेळाने त्या हात तसाच ठेवून म्हणाल्या, "नाही आठवत जी. डोकं कामातून गेलं माह्यं."

मी साडूंची बाही धरली. "भाऊ, मशीन मागवू नका. दुकानात चला."

दुकानात, उघड्या मोटारींच्या मध्ये बसून मी त्यांना सगळं सांगितलं: खिसा, चपला, नारळवाला, आणि ती मान. ते मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते बराच वेळ हातातली तांब्याची तार सरळ करत राहिले. मग उसळून म्हणाले, "म्हंजे कोरडी वाळू? अन् मी खुळ्यासारखा मीठ कालवून राह्यलो!" मग आवाज खाली आला. "अंगठीचं जाऊ दे बे. पण म्हातारीचं डोकं गेलं असं आमी तिले रोज सांगून राह्यलो. तू आईकत बसला?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

"सांगाले लागते. आजच. मी संग येतो, पण बोलशील तू." आणि मग, देवाशपथ सांगतो, या माणसाने माझा कबुलीजबाबही निवडायला घेतला. "बोल, काय सांगशील? मले म्हणून दाखव." मी सुरुवात केली, की आई, परिस्थितीच अशी होती... त्यांनी हात वर केला. "नापास. हे त आमदाराचं भाषण झालं." दुसऱ्या खेपेला मी रडवेला झालो, तेही नापास; "तू रडला तर थेच तुले समजवत बसन. म्हातारीले काऊन कामाले लावतं?" शेवटी दोन वाक्यं पास झाली. ती घोकत मी त्यांच्यामागे घरी गेलो.

सासूबाई मेथी निवडत होत्या. ताई आणि माझी बायको समोरच होत्या. साडूंनी मुद्दाम दोघींना बसवलं होतं. मी म्हणालो, "आई, तुम्ही अंगठी माझ्याजवळच दिली होती. हरवली माझ्याकडून, आणि मी खोटं बोललो."

त्यांच्या हातातली काडी तशीच राहिली. मला वाटलं, आता अंगठीचं विचारतील. त्या माझ्याकडे नाही, लेकींकडे बघत होत्या. "आईकलं का? म्या म्हणत नव्हती, जावयाजवळ देली म्हणून? म्हणत नव्हती?" आणि मग त्यांचा चेहरा असा काही खुलला, की तसा चेहरा मी त्या घरात कधी पाहिला नाही. त्या हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत ज्यांनी मला 'जावईबापू'शिवाय हाक मारली नव्हती, त्या म्हणाल्या, "काऊन बे मेल्या, एवढंसं सांगाले इतके दिवस?" बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही, ताई अजून तुटक बोलतात, पण ती शिवी मी आहेरासारखी जपून ठेवली आहे.

साडूंनी लगेच कोरड्या वाळूचं साधं मशीन घेऊन निघायची तयारी केली. सासूबाईंनीच अडवलं. "राहू द्या जी. तुमच्या सासऱ्याइले समुद्र पाहाचाच होता, जमलं नाही. आता राहिले तिथं, त राहू द्या." साडूंनी त्यावर काही तपासलं नाही, हलवून पाहिलं नाही. विक्रेत्याचा फोन आला तेव्हा "नाही पाहिजे" एवढंच म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

परवा त्यांचा फोन आला. सासूबाईंना हल्ली खरंच कमी ऐकू येतं. डॉक्टरांनी कानाचं मशीन घ्यायला सांगितलं आहे आणि साडूंनी दुकानं पालथी घातली आहेत. म्हणाले, "तू ये. तूच लागते."

"माझं काय काम?" मी विचारलं.

"तुह्याएवढं हळू कोणी बोलत नाही आपल्यात. तू आईच्या मागं उभा राहाचं अन् बोलाचं. तुह्यं आईकू आलं का मशीन पास."

काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. पण सकाळच्या एसटीने निघतो आहे.