बंद फाट्यातलं पाणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आणि माझं कामच असं आहे, की विश्वास ठेवायला वावच नाही. जुन्या घरांच्या ड्रेनेज लाइनमध्ये कॅमेरा सोडायचा आणि पाइप कुठे फुटलाय, पाणी कुठे तुंबतंय ते स्क्रीनवर दाखवायचं. झाडांची मुळं निघतात, चिंध्या निघतात, एकदा तर स्टीलची वाटी निघाली... पण कारण सापडतंच. इथे सापडलं नाही, म्हणून लिहितोय. नावं बदलली आहेत.

मागच्या हिवाळ्यात इंदिरानगरमधल्या एका जुन्या बैठ्या बंगल्यातून बोलावणं आलं. बोलावणारा सचिन पुण्याला नोकरीला, इथे घरात त्याची आई एकटी. त्याने मला गेटपाशीच गाठलं.

"दादा, आईला वाटतं, रोज सकाळी चेंबरमध्ये कुणाच्या तरी अंघोळीचं पाणी पडतं. घरात दुसरं कुणीच नाही हो. तुम्ही कॅमेरा टाका आणि तिला सांगा, काही नाहीये म्हणून. म्हणजे ती माझ्याबरोबर यायला तयार होईल."

वाईट नव्हता तो. काळजीनेच बोलत होता.

घराच्या बाजूला काकू शाल गुंडाळून उभ्या होत्या. मूळच्या नांदगावकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. "भाऊ, आमच्या ह्यांना चालता येत नव्हतं, म्हणून इथं बाथरूम बांधलं होतं. लिंबाचा पाला टाकून पाणी तापवायचे मी." त्यांनी दाखवलेल्या जागी आता गाडीसाठी कोबा होता. काका गेल्यावर सचिनने ते बाथरूम पाडलं होतं.

सचिनला फोन आला, तो गेटकडे गेला. मी झाकण उचललं. चेंबर कोरडं. कॅमेरा आत सरकवला, तर थोड्या अंतरावर त्या बाथरूमचा जुना फाटा, म्हणजे मुख्य लाइनला जोडलेला पाइप, दिसला. टोकाला सिमेंट भरून पक्का बंद केलेला. वायर मागे घेणार, तेवढ्यात त्या सिमेंटवरून पाणी यायला लागलं. आधी बारीक धार... मग तांब्याने अंगावर घ्यावं तसं, थांबून थांबून. फेससुद्धा होता. मी चेंबरमध्ये वाकून पाहिलं — खाली थेंब नाही, पण पाणी पडल्याचा आवाज मात्र स्पष्ट. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं तर चित्र धुरकट झालं होतं.

घाईघाईने वायर ओढली. कॅमेऱ्याचं डोकं गरम लागत होतं. आणि वास... कडुनिंबाचा पाला उकळल्यावर येतो तो.

"काय निघालं?" सचिनने येत विचारलं.

"काही नाही. लाइन कोरडी आहे."

घाबरलो होतो, हे खरं. पण तेच सांगायला मला बोलावलंय, हेही डोक्यात होतंच.

काकूंनी कॅमेरा हातात घेतला. "मग ही काच धुरकट कशानं झाली?"

"आत दमट असतं, काकू."

"बरं," एवढंच म्हणाल्या.

घरी रेकॉर्डिंग पाहिलं. फाटा, सिमेंट, मग नुसता धुरकट पडदा. पाणी कुठेच नाही. शेजारच्या घराची लाइनही दुसऱ्याच बाजूने जाते.

काही दिवसांनी सचिनचा फोन. "दादा, थँक्स हं. तुमच्यामुळे आई ऐकायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात. रविवारी नेतोय तिला."

रविवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन गेलो. सचिन गाडीत बॅगा ठेवत होता. काकूंना बाजूला घेऊन म्हणालो, "मी खोटं बोललो. पाणी होतं. गरम होतं."

त्या रागावल्या नाहीत. "मला माहीत होतं. पण तवाच म्हणायला पायजे होतं, त्याच्यासमोर."

"आत्ता सांगतो त्याला."

"नाय. बाथरूम त्यानंच पाडलंय. ते पोरगं जन्मभर मनाला लावून घेईल." मग हळूच म्हणाल्या, "निघायच्या आधी एकदा बघता का?"

पुन्हा कॅमेरा सोडला. फाटा कोरडा. सिमेंटवर धूळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. बराच वेळ वायर तशीच धरून थांबलो. सचिनने हॉर्न दिला.

"काकू... आज खरंच काही नाही."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "असू द्या, भाऊ. सांगता येत नसंल तर नका सांगू." आणि गाडीत जाऊन बसल्या.

त्या पाण्याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. त्या रविवारी मी खरं बोलत होतो, हे काकूंना कसं पटवावं, तेही कळत नाही.