इन्सिडंट, प्रॉब्लेम आणि एक मेमो

मुलगी पहिलीत गेली तेव्हा मी पुन्हा नोकरीला लागले. महाप्याला, एका आयटी कंपनीच्या सर्व्हिस डेस्कवर. वाशीतलं एक मोठं हॉस्पिटल आमचं गिऱ्हाईक होतं. तिथे कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं की तिथले लोक आम्हाला फोन करायचे. आम्ही तक्रार नोंदवून तिला नंबर द्यायचा, त्याला तिकीट म्हणतात. जमलं तर फोनवरच सोडवायचं, नाही जमलं तर पुढच्या टीमकडे पाठवायचं. सानपाड्याहून कंपनीची बस होती. इतकी वर्षं घरात काढल्यावर डोक्याला हेडसेट लावून बसायला मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

सुरुवातीला ट्रेनिंग झालं. ट्रेनिंग म्हणजे शब्द. नुसते शब्द आणि त्यांची आद्याक्षरं. मी शिकले मराठी शाळेत, पण इंग्रजीची भीती मला कधी वाटली नाही. हे इंग्रजी मात्र निराळंच होतं. एसएलए म्हणजे तक्रार किती वेळात मिटवू याचं आम्ही गिऱ्हाइकाला दिलेलं वचन. आरसीए म्हणजे बिघाड मुळात कशामुळे झाला याचा खुलासा. आमचा टीम लीड वयाने माझ्याहून लहान. मी त्याला सर म्हणायचे, तो मला मॅडम. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मॅडम, दोन शब्द कधी मिक्स करायचे नाहीत. लोकांचं काम अडलं, तो इन्सिडंट. ते ज्या कारणाने अडलं, तो प्रॉब्लेम. इन्सिडंट मिटवायचा. प्रॉब्लेम शोधायचा."

मला हे पटलं होतं. आजही पटतं. छत गळतंय म्हणून खाली बादली ठेवणं वेगळं आणि वर जाऊन भेग बुजवणं वेगळं. ज्याने कुणी ही फोड केली, त्याने विचार करून केली असणार. माझा राग शब्दांवर नाही. आमच्या ऑफिसात त्या शब्दांचं जे केलं गेलं, त्यावर आहे.

हॉस्पिटलच्या लॅबमधून एका बाईंचा फोन यायचा. पेशंटचं रक्त काढणाऱ्या टेक्निशियन. रक्ताच्या नळीवर पेशंटचं नाव आणि बारकोड असलेलं लेबल चिकटवायचं असतं, ते छापणारा छोटा प्रिंटर सकाळी गर्दीच्या वेळी बंद पडायचा.

"मॅडम, लेबल येत नाय," त्या म्हणायच्या. "मशीन चालू हाय, कागद हाय, पन लेबल येत नाय."

मी सर्व्हरवरचा छपाईचा प्रोग्रॅम रीस्टार्ट करायचे. लेबलं धडाधड यायची. तिकीट बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाई चिडायच्या, "मॅडम, हा प्रॉब्लेम तुमी एकदाचा सोडवा ना!" आणि माझ्या स्क्रीनवर त्यांच्या या प्रॉब्लेमचं नाव असायचं इन्सिडंट. रोज नवा नंबर, रोज नवा इन्सिडंट, आणि प्रत्येक दिलेल्या वेळेच्या आत बंद. महिन्याच्या रिपोर्टमध्ये आमची रांगच्या रांग हिरवी.

मी लीडला म्हटलं, "सर, हे रोजचं झालंय. यावर प्रॉब्लेमचं तिकीट उघडू या का?"

"लो प्रायॉरिटी आहे मॅडम. वर्कअराउंड आहे ना."

वर्कअराउंड म्हणजे तोवर काम चालवायची तात्पुरती सोय. ती कोणती, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं.

"पेनने लिहितात ना ते नळीवर," तो म्हणाला आणि दुसऱ्या फोनकडे वळला.

मग एक दिवस त्याच बाईंचा फोन आला, पण आवाज निराळा. "मॅडम, मला मेमो आला."

झालं होतं असं. सकाळी लेबलं बंद पडली. बाहेर उपाशीपोटी आलेल्या पेशंटांची रांग. बाईंनी हाताने नावं लिहायला घेतली. दोन आजोबा एकाच आडनावाचे. एकाचं नाव दुसऱ्याच्या नळीवर गेलं. वॉर्डातल्या डॉक्टरांना रिपोर्ट पाहून शंका आली, त्यांनी पुन्हा रक्त काढायला लावलं, म्हणून निभावलं. पण बाईंच्या हातात मेमो आला. कारण: निष्काळजीपणा.

मी तशीच उठून लीडकडे गेले. त्याने ऐकून घेतलं. "सॅड आहे," तो म्हणाला. "पण ते आपल्या स्कोपमध्ये येत नाही. त्या दिवसाचं तिकीट आपण एसएलएच्या आत क्लोज केलंय."

"सर, पण प्रिंटर रोज का बंद पडतो ते आपण बघितलंच नाही."

"प्रॉब्लेम उघडला की आरसीए द्यावा लागतो. आरसीए दिला की कस्टमर विचारणार, इतके महिने काय करत होता? कशाला टेन्शन वाढवता मॅडम?"

माझे कान तापले. म्हणजे प्रॉब्लेम उघडायचा नाही, कारण उघडला तर तो आहे हे कळेल! आणि प्रायॉरिटी कमी का, तर एक बाई हाताने नावं लिहिते म्हणून. त्या हाताच्या जोरावर आमचा रिपोर्ट हिरवा, आणि चूक झाली की तोच हात निष्काळजी.

शनिवारी सुट्टी होती. मी रिक्षा केली आणि वाशीला त्या हॉस्पिटलमध्ये गेले. इतके महिने आम्ही त्यांचे फोन घेत होतो, पण आमच्या डेस्कवरचं कुणी तिथे कधी गेलं नव्हतं. लॅबबाहेर माणसं कोपरात कापूस दाबून बसली होती. आत त्या बाई, मास्क लावून. लेबलं तेव्हाही बंदच होती. गोल, गुळगुळीत नळी डाव्या हाताच्या चिमटीत धरून त्या मार्करने नाव लिहीत होत्या. बोटाएवढ्या जागेत नाव, आडनाव, वय, नंबर. समोर खुर्चीवर एक बाई बाही वर करून बसलेल्या, त्यांच्यामागे दारापर्यंत माणसं.

रांग सरेपर्यंत मी थांबले. मग ओळख सांगितली.

"तुमी त्या फोनवाल्या मॅडम?" त्यांनी मास्क खाली केला. पन्नाशीच्या असतील. मला वाटायचं तरुण मुलगी असेल. तिथल्याच खाडीकाठच्या गावठाणातल्या, दोन मुलगे कामाला लागलेले, स्वतःची नोकरी वीस वर्षांवर झालेली. एवढ्या वर्षांत हा पहिला मेमो.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "मी रोज बोलते, प्रॉब्लेम हाय, प्रॉब्लेम हाय. तुमच्याकडून मेसेज येतो, इन्सिडंट क्लोज. माझा प्रॉब्लेम तुमच्याकडं प्रॉब्लेम का नाय?"

मी त्यांना दोन्ही शब्दांतला फरक समजावला. ट्रेनिंगमध्ये ऐकला होता तसाच, छत, बादली वगैरे माझं घालून. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"शब्द तुमचे," त्या म्हणाल्या, "आनि मेमो माझा."

सोमवारी मी कुणालाही न विचारता प्रॉब्लेमचं तिकीट उघडलं. माझ्या लॉगिनला ती परवानगी होती. कुणी वापरत नव्हतं एवढंच. जुने सगळे इन्सिडंट त्याला जोडले आणि खाली साध्या भाषेत लिहिलं: लेबल बंद असताना नळीवर नावं हाताने लिहितात, त्यातून एका पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्याला गेला आहे.

लीड माझ्या टेबलाशी आला. "कुणाला विचारून केलंत मॅडम?"

"व्याख्या तुम्हीच शिकवलीत सर."

तो आपल्या जागेवर परत गेला. त्या दिवसापासून चहाला मला कुणी हाक मारली नाही.

सर्व्हर टीमने मनावर घेतल्यावर कारण सापडायला फार वेळ लागला नाही. रक्त घ्यायचं दुसरं काउंटर सुरू झालं, तेव्हापासून हा घोळ होता. दोन्हीकडून एकाच वेळी लेबल मागितलं की छपाईचा प्रोग्रॅम अडकायचा. दोन काउंटरांना छपाईच्या दोन वेगळ्या रांगा करून दिल्या, संपलं. एवढंसं काम! मला हायसं वाटायला हवं होतं, मी आणखीच भडकले.

त्यात आरसीएचा मसुदा आला. त्यात शेवटी एक वाक्य होतं: युजरने चुकीचं लेबलिंग केल्यामुळे परिणामाची तीव्रता वाढली. मी म्हटलं, हे वाक्य काढा. लीड म्हणाला, बॅलन्स्ड वाटायला हवं. मी म्हटलं, ठीक आहे, मग हॉस्पिटलबरोबरच्या रिव्ह्यूमध्ये मी बोलते.

रिव्ह्यूच्या ऑनलाइन मीटिंगला हॉस्पिटलच्या आयटी विभागाच्या प्रमुख बाई होत्या. लीडने हिरवे तक्ते दाखवले. आरसीएचं पान आलं तेव्हा मी माइक चालू केला. म्हटलं, "मॅडम, यात वर्कअराउंड असा शब्द आहे. त्याचा अर्थ मी लॅबमध्ये जाऊन पाहिलाय. तुमच्या टेक्निशियन पेशंटांच्या रांगेसमोर उभ्या राहून मार्करने नावं लिहीत होत्या. ती आम्ही सोय म्हणून धरली. चूक त्यांच्या नावावर घालू नका. प्रिंटर आमच्यामुळे बंद होता."

प्रमुख बाईंनी विचारलं, "हे किती दिवस चाललं होतं?"

लीड म्हणाला, "मॅम, प्रत्येक इन्सिडंट एसएलएच्या आत..."

"मी ते नाही विचारलं."

आरसीएतलं ते शेवटचं वाक्य निघालं. पुढे काही दिवसांनी टेक्निशियन बाईंचा फोन आला. आधी मला वाटलं, लेबलं पुन्हा गेली.

"लेबल चालू हाय," त्या म्हणाल्या. "मेमो मागं घेतला म्हनाले. तोंडी."

"तोंडी नको ताई. लेखी मागा."

"मागते. सोडनार नाय." त्यांनी सोडलंही नाही, महिनाभर साहेबांच्या केबिनबाहेर उभ्या राहून लेखी घेतलं. तेव्हा फोनवर त्या हसल्या. मला हसू आलं नाही. वीस वर्षं लोकांचं रक्त काढणाऱ्या बाईने आपण निष्काळजी नाही एवढं सिद्ध करायला महिनाभर दारात उभं राहायचं!

आमच्या ऑफिसात सगळ्यांना मेल आला: उत्तम टीमवर्क, एक प्रॉब्लेम यशस्वीपणे क्लोज. खाली लीडची सही.

अप्रेझलला, म्हणजे वर्षभराच्या कामाचा हिशेब होतो तेव्हा, लीडने मला समोर बसवलं. टेक्निकल चांगलं, हजेरी चांगली. मग जरा घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, एकच गोष्ट. तुम्ही युजरचं फार पर्सनली घेता."

"हो," मी म्हटलं. "घेते."

सुधारणा हवी या रकान्यात त्याने ते माझ्यासमोर टाइप केलं. मला सही करायला सांगितलं. मी केली नाही. पुढच्या आठवड्यात एचआरने बोलावून कारण विचारलं, तेव्हा मी त्यांना ही सगळी हकीकत सांगितली, एकही आद्याक्षर न वापरता. त्यांना ती समजली. पगारवाढ त्या वर्षी बेताचीच झाली.