होरेन्सो म्हणजे पालक

“युई-सान तुमच्याशी काय बोलली?”

मोरी-सान, आमच्या टीमचे हेड कोच, दार न वाजवताच आत आले होते. म्हटलं, आता काही खरं नाही.

मी योकोहामातल्या एका कंपनीच्या महिला रनिंग टीमची स्पोर्ट सायकॉलॉजिस्ट. ना डॉक्टर, ना कोच. पुण्याची मावशी अजून विचारते, “अगं, तू नक्की करतेस तरी काय?” मुली बोलतात, मी ऐकते. रेसच्या दिवशी डोकं पायांच्या आड येऊ नये, एवढं बघते.

युई आमची सगळ्यात फास्ट रनर. एकिदेन, म्हणजे रस्त्यावरची लांब पल्ल्याची रिले, तिच्यात शेवटचा टप्पा तिचाच. मागच्या वर्षी त्याच टप्प्यात टीम मागे पडली. त्याची धास्ती तिने घेतली होती. काल माझ्यासमोर ढसाढसा रडली. “शेवटचा टप्पा नको. पण कोचना सांगू नका, मला टीममधूनच काढतील.”

“बोलली,” मी मोरी-सानना म्हटलं. “काय ते नाही सांगता येणार.”

“तुम्ही स्टाफ आहात. होरेन्सो करायला हवं.”

होरेन्सो हा इथल्या ऑफिसांचा मंत्र. रिपोर्ट द्या, कळवा, सल्ला घ्या, या तिन्हींच्या जपानी शब्दांची सुरुवात जोडून केलेला. गंमत म्हणजे जपानीत होरेन्सो म्हणजे पालकाची भाजी. आणि आपल्याकडे पालक म्हणजे आईबापही! मला मुलींची आई व्हायचं नव्हतं, आणि कोचच्या ताटातली भाजी तर नाहीच नाही.

“मी सांगितलं, तर या खोलीत परत कोणी येणार नाही.”

“नाही सांगितलं, तर टीमला तुमचा उपयोग काय? उद्या लाइनअप ठरवायचीय.”

असला राग आला! पण प्रश्न बरोबर होता. पगार कंपनीचा, गुपित युईचं. मग मी नक्की कोणाची?

संध्याकाळी युईला गाठलं. “मी सांगणार नाही. तू सांगशील?”

“तुम्ही शेजारी बसाल?”

“बसेन. बोलणार मात्र तू.”

सकाळी मोरी-सानसमोर ती सगळं बोलली. मोरी-सान म्हणाले, “मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारता, ‘ठीक आहेस ना?’ त्यावर ‘हो’च म्हणायचं असतं.”

मोरी-साननी लाइनअपचा कागद पुढे ओढला. युईला दुसरा टप्पा मिळाला. रेस काही आम्ही जिंकलो नाही. पण ती मोकळी धावली, आणि टीममध्ये राहिली.

पुढच्या आठवड्यात माझ्या दारावर टकटक. मोरी-सान. आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले, आणि इथे गुरुजींना, डॉक्टरांना मारतात तशी मला हाक मारली. “सेन्सेई, रेसच्या आधी मला झोपच लागत नाही.” मग एकदम दाराकडे बघत म्हणाले, “हे होरेन्सोमध्ये जाणार नाही ना?”

मावशीला आता सांगते, माझी नोकरी दाराची. वाजलं की उघडायचं, आणि माणूस आत आला की नीट लावून घ्यायचं.