बाबांना वाळवंट दाखवायला नेलं

बाबा सहा महिन्यांसाठी इंग्लंडला, ईलिंगमधल्या माझ्या घरी आले तेव्हा मी फ्रिजवर यादीच लावली. बाथ, केंब्रिज, स्टोनहेंज, डोव्हरचे पांढरे कडे. दर शनिवारी सकाळी आठला पराठ्यांचा डबा, चहाचा थर्मास आणि बाबांची कानटोपी घेऊन आम्ही निघायचो. आईवडील व्हिसावर आले की इथे सगळेच असं करतात, पण माझ्या पायाला जरा जास्तच भिंगरी लागली होती. घरात समोरासमोर बसलं की बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचे, आणि नेमकं तेच मला नको होतं.

कारण साधं होतं. माझ्या छातीत गाठ निघाली होती. तपासण्या झाल्या आणि ऑपरेशनला मंगळवार मिळाला. त्याबरोबर मी बाबांचं तिकीट आठवडाभर अलीकडे ओढून आदल्या दिवशीचं, सोमवारचं केलं. मंगळवारी ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी जायचंय, अशी थाप मारली. नवरा दोनदा म्हणाला, "सांगून टाक त्यांना." दोन्ही वेळा मी त्याच्यावर खेकसले.

खरं तर मला असं लपवायला तोंडच नव्हतं. आई चार महिने आजारी होती तेव्हा मला फोनवर फक्त 'जरा अशक्तपणा आहे' एवढंच सांगितलं जायचं. लांबच्या लेकीच्या जिवाला कशाला घोर, ही आपली जुनी रीत. मी पुण्याला पोचले तोवर सगळं उरकलेलं होतं. बाबा म्हणाले, "तिनेच शपथ घातली होती, तुला कळवायचं नाही म्हणून." गेलेल्या माणसाशी भांडणार कसं? मी दोन वर्षं आतल्या आत धुमसत राहिले. आणि आता स्वतःवर वेळ आल्यावर मीही तेच करत होते, तेही मोठ्या सफाईने.

शेवटच्या शनिवारसाठी मी वाळवंट काढलं. लग्नाआधी बाबा चार वर्षं राजस्थानात भूजलाच्या सर्व्हेवर होते. जैसलमेरच्या पुढे जीप घालायची, दिवसभर हिंडायचं आणि संध्याकाळी मुक्कामाला परत. त्या जीपबद्दल ते जितक्या मायेने बोलायचे तितक्या मायेने आमच्याबद्दल कधी बोलल्याचं मला आठवत नाही. केंटच्या टोकाला डंजनेस आहे, त्याला लोक इंग्लंडचं वाळवंट म्हणतात. मी मुद्दाम फोर बाय फोर भाड्याने घेतली आणि अडीच तास न थांबता हाणली.

बाबा खाली उतरले. लांबवर अणुवीज केंद्र, मधे काळ्या लाकडी झोपड्या, किनाऱ्यावर दोन गंजक्या बोटी, आणि बाकी नजर पोचेल तिथवर गोटे.

"हे वाळवंट?" त्यांनी कानटोपी खाली ओढली. "वाळू कुठाय?"

"इथे असंच असतं, बाबा."

"मग याला गोटवंट म्हणावं."

एरवी मी हसले असते. पण माझ्या डोक्यात सोमवारपर्यंतचे तास मोजणं चालू होतं. अजून दीड दिवस तोंड बंद ठेवलं की सुटले. मला एका जागी उभंच राहवेना. पाण्याच्या दिशेने कुणाच्या तरी टायरचे माग गेले होते. शेजारीच पाटी होती, गोट्यांवर गाडी नेऊ नये. "बसा," मी म्हटलं, "तुम्हाला जीपची मजा देते." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पन्नास पावलांवर गाडी रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबला, चाकं गरगरली, गाडी आणखी खाली गेली. मी अजून दाबला.

"पाय काढ आधी," बाबा म्हणाले. असा आवाज मी शाळेनंतर ऐकला नव्हता.

ते उतरले, चाकाशी उकिडवे बसले आणि घराच्या किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून हवा सोडू लागले. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि पकड घेतो, असं त्यांनी मला वर न बघताच सांगितलं. मी डब्याच्या झाकणाने फावड्यासारखे गोटे उपसत होते. कुत्रा फिरवणारी एक बाई पाटीकडे बोट दाखवून पुढे गेली. एकेका चाकाला चांगलाच वेळ लागत होता.

तिसऱ्या चाकाशी त्यांनी विचारलं, "मंगळवारी कुठल्या गावी जायचंय तुला?"

मला एकही गाव आठवेना. मँचेस्टर, लीड्स, काहीही चाललं असतं. मी म्हटलं, "हॉस्पिटलला." मग सगळंच सांगितलं. गाठ, तारीख, तिकीट. रागाने सांगितलं, चूक त्यांची असल्यासारखं.

बाबांनी किल्ली काढली नाही. हवा फुसफुसत राहिली. मग ते म्हणाले, "तिने शपथ घातली नव्हती."

"काय?"

"तुझी आई रोज म्हणायची, तिला बोलवा. रोज. मीच म्हणायचो, बघू, जरा बरं वाटू दे. तू आलीस असतीस तर ती आता राहत नाही, हे मला कबूल करावं लागलं असतं. म्हणून नाही बोलावलं."

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं मी आईवर रुसले होते. तिच्या फोटोला हार घालताना रुसले होते. त्या क्षणी मला गाडीत बसून, त्यांना तिथे टाकून निघून जायचं होतं, आणि गाडी तर हलत नव्हती. म्हणून पायीच निघाले. गोट्यांत धड भरभर चालताही येत नाही, प्रत्येक पाऊल मागे घसरतं. पाण्यापाशी जाऊन मी मोठ्याने रडले. तिला मी हवी होते, एवढंच डोक्यात फिरत होतं. परत आले तेव्हा बाबांनी चौथं चाक संपवलं होतं आणि पुढच्या चाकांखाली गाडीतल्या पायपुसण्या सारल्या होत्या.

"पहिला गिअर. हळू," ते म्हणाले. गाडी सरकत सरकत रस्त्यावर आली.

पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली. तिथे ते वाकून हवा भरत होते आणि मी नळी धरून उभी होते. मी त्यांना माफ केलं नव्हतं, आणि आजही केलंय असं छातीवर हात ठेवून म्हणवणार नाही.

"मंगळवारी सकाळी सातला पोचायचंय," मी म्हटलं. "याल?"

त्यांनी मान हलवली. मी तिथेच फोन काढून सोमवारचं तिकीट रद्द केलं.