फान मास्तरांची अक्षरं

शाळेच्या शर्टावर मुलांची नावं भरून देणारी दुकानं तैवानमधल्या आमच्या च्यायी शहरात पूर्वी प्रत्येक शाळेसमोर असायची. आमच्या रस्त्यावर आता एकच उरलंय, फान मास्तरांचं. माझं टर्की-भाताचं दुकान त्याला लागून आहे, आणि मधली भिंत इतकी पातळ की त्यांचं भरतकामाचं मशीन सुरू झालं की माझ्या फळीवरच्या वाट्या किणकिणायला लागतात. नवीन गिऱ्हाईक दचकतं. मला तो आवाज नसला तर चुकल्यासारखं होतं.

मास्तर आधी हातानं नावं भरायचे. शिलाई मशीनच्या सुईखाली कापड दोन्ही हातांनी असं काही फिरवायचे की ना खडूची खूण, ना छापा, थेट अक्षरच उमटायचं. मग एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. त्यांची बायको बीलिएन, जिला सगळा रस्ता मालकीणबाई म्हणतो, तिनं तोवर दुकानात इस्त्री आणि घड्या याखेरीज काही केलेलं नव्हतं. साठीला आलेली बाई. तिनं कॉम्प्युटर आणि त्यावर चालणारं भरतकामाचं मशीन घेतलं आणि शिकायला बसली.

कॉम्प्युटरबरोबर तयार अक्षरं आली होती. सरकारी पाटीवर असतात तशी, गुळगुळीत. बीलिएनला ती बघवेनात. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आ-ख्वेइ, तुझ्या मुलाचा एखादा जुना शर्ट आहे का गं? यांच्या हातचं नाव असलेला?" माझ्याकडे दोन निघाले. मग तिनं सगळ्या रस्त्याला विचारलं. लोकांनी माळ्यावरच्या पेट्या उघडल्या. लग्न होऊन तैपेईला गेलेल्या मुलींचे शर्टसुद्धा टपालानं आले. बीलिएन प्रत्येक अक्षराचा फोटो काढायची आणि पडद्यावर त्याच्या टाक्यांच्या खुणा एकामागून एक द्यायची. वर्ष गेलं त्यात. पण पुन्हा मुलांच्या छातीवर मास्तरांची अक्षरं दिसायला लागली, आणि मास्तर पुन्हा दुकानात येऊन बसायला लागले.

म्हणून त्या कॉम्प्युटरवर तिचा फार जीव. आमच्याकडे यंत्रानं नीट वागावं म्हणून त्याच्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात; त्या खाऊच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. सगळेच ठेवतात, दवाखान्यातसुद्धा. पण बीलिएनसारखं मनापासून ठेवणारं मी कुणी पाहिलं नाही. पाकिटाची तारीख उलटायच्या आत बदलायची, आणि बदलताना म्हणायची, "बाबा रे, तू होतास म्हणून आमची चूल पेटली."

गेल्या उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या गडबडीत, त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर सूचना आली. ऑक्टोबरनंतर याला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, नवा घ्या. तिनं मला हाक मारून वाचायला लावलं. मी म्हटलं, खाली 'नंतर आठवण करून द्या' असं आहे, ते दाब. ती पूर्ण उन्हाळा तेच दाबत राहिली.

मध्य-शरदाच्या सणाला त्यांचा मुलगा युंगछांग शिनचूहून आला. दुकानापुढे शेगडी मांडून मांस भाजायचं चाललं होतं, मी पपनस सोलत होते. त्यानं पडद्यावरची ती सूचना पाहिली आणि कपाळाला हात लावला. तो म्हणाला, याच कॉम्प्युटरवर शाळा तुला मुलांच्या नावांच्या याद्या पाठवतात. उद्या कुणी यात घुसलं तर पोरांची नावं, वर्ग, सगळं जाईल. नवा घेऊन देतो. पण यातली जुनी अक्षरं नव्या प्रोग्राममध्ये उघडत नाहीत, तेव्हा तयार अक्षरं वापर. नाहीतर, तो जरा दबकत म्हणाला, आता पोरंही कमी झालीत, काही शाळांनी तर नावं भरणंच सोडलंय, तेव्हा दुकान बंद करायचा विचार कर.

"तुझ्या शिक्षणाची फी याच खोलीतून गेली," बीलिएन म्हणाली. "मांस करपतंय, उलट ते."

युंगछांग बिचारा वाईट नव्हे. त्यानं मांस उलटलं. मास्तर खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. आम्हाला सगळ्यांना वाटलं, त्यांच्या मनाला लागलंय.

दोन दिवसांनी बीलिएन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या श्यूकडे गेली. श्यू म्हणजे माझ्या दुकानात रोज जेवायला येणारी, तिशीतली, बोलायला फटकळ पण मनानं सरळ मुलगी. तिनं काही विकायचा प्रयत्न केला नाही. ती म्हणाली, मालकीणबाई, धोका आहे तो इंटरनेटचा. तार काढून टाका. याद्या दुसरीकडे घ्या आणि नावं हातानं यात घाला. मग हा निवांत चालेल. फक्त आतला जीव म्हातारा झालाय, एक दिवस उठणारच नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

बीलिएन आनंदात परत आली. माझ्या दुकानासमोरूनच ओरडून सांगत गेली की नवा घ्यायला नको, नुसती तार काढायची. मी हात पुसून मागोमाग गेले. ती टेबलाखाली वाकून तार शोधत होती, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "नवा घे."

ती खालूनच म्हणाली, "आणि तुझी अक्षरं?"

मास्तरांचं बोलणं सावकाश येतं. वाट पाहावी लागते. ते म्हणाले, "ती अक्षरं मला आवडत नाहीत."

बीलिएन टेबलाखालून बाहेर आली. केसांना जळमटं लागलेली.

मग मास्तर तुकड्या-तुकड्यानं सांगत गेले. ते शर्ट सकाळच्या घाईत भरलेले होते. घंटा व्हायला आलेली, पोरगं उघडं उभं, आई मागे ओरडतेय. 'लिन' हे आडनाव लिहायचं म्हणजे 'झाड' हे चिन्ह शेजारी-शेजारी दोनदा, त्यातलं दुसरं नेहमी वाकडं पडायचं, कारण तोवर त्यांचं लक्ष पुढच्या शर्टावर असायचं. पुढच्या वेळी नीट काढू असं ते दर वेळी म्हणायचे. मग पुढची वेळच उरली नाही. आणि या शहरात लिन काय थोडे आहेत? इतकी वर्षं दारात बसून ते तेच वाकडं झाड रस्त्यानं जाताना बघत होते.

"मग बोलला का नाहीस, म्हाताऱ्या?" बीलिएनचा आवाज चढला होता, पण रागानं नव्हे.

"तू वर्षभर बसली होतीस डोळे फोडत," मास्तर म्हणाले. "कुठल्या तोंडानं बोलू? मला तुझा हात दिसायचा त्यात. म्हणून चालवून घेतलं."

ती खाली बसली, स्टुलावर नाही, जमिनीवरच. म्हणाली, "मला वाटत होतं, ही अक्षरं गेली तर तू खचशील. मी तुझ्यासाठी त्या खोक्याला जपत होते." मास्तरांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि जळमट काढलं. मी तिथून निघाले. भात लागत होता, आणि नसता लागत तरी निघालेच असते.

नवा कॉम्प्युटर श्यूनंच आणून बसवला. जुन्याची इंटरनेटची तार काढली, आणि नवी अक्षरं तयार होईपर्यंत रोजचं काम त्याच्यावरच चालू ठेवलं. तो हिवाळा मी भिंतीपलीकडून ऐकला. मास्तर डाव्या हातानं मोठ्या कागदावर अक्षर काढायचे, बीलिएन ते पडद्यावर घ्यायची, आणि मग वाद. ही रेघ जाड, ती बारीक, इथे टाके दाट हवेत. "तू मास्तर असशील, पण माऊस माझ्या हातात आहे," असं ती म्हणाली की मास्तर हसायचे. झटक्यानंतर मी त्यांचं हसणं क्वचितच ऐकलं होतं. डाव्या हाताची अक्षरं जराशी कललेली येत होती. त्यांनी 'लिन' किती वेळा काढलं याला गणती नाही. एकदा मलाही बोलावून विचारलं. मी म्हटलं, मला दोन्ही झाडं सरळ दिसतात. ते म्हणाले, "तुला भातातलं कळतं," आणि पुन्हा काढायला बसले.

शाळेचं वसंतातलं सत्र सुरू व्हायच्या आधी रोज लागणारी अक्षरं तयार झाली. उरलेली जसं नाव येईल तशी करायची असं ठरलं. पहिल्या दिवशी एक आई जुळ्या मुलींचे शर्ट घेऊन आली, लिनच निघाल्या. भरून झालेले शर्ट हातात घेऊन ती बाई म्हणाली, माझ्या शाळेच्या वेळी मास्तर असंच सुरेख भरायचे. मास्तरांनी नुसती मान लववून आभार मानले.

त्या दिवशी संध्याकाळी श्यू जुना कॉम्प्युटर न्यायला आली. आतलं सगळं पुसून सुटे भाग कामाला लावीन म्हणाली. बीलिएननं तो ओल्या फडक्यानं पुसला, मागच्या जाळीतला कापसाचा पुंजका काडीनं काढला, आणि दोन्ही हातांनी श्यूच्या हातात दिला. देताना वाकून नमस्कार केला. श्यूला काय करावं कळेना, तिनंही वाकून केला.

मग सगळी माझ्याकडे जेवायला आली. मी मास्तरांच्या भातावर कुरकुरीत कांदा जास्त घातला, त्यांना आवडतो. बीलिएन म्हणाली की आज तिला कुणाकुणाचे आभार मानावेत तेच सुचत नाहीये, त्या खोक्याचे, श्यूचे, रस्त्यातल्या लोकांचे, ज्यांनी शर्ट दिले.

"माझे?" मास्तरांनी विचारलं.

"तुझे कशाला? तुझ्या 'छेन' अक्षरातला कानासारखा भाग अजून खाली येतोय. उद्या बसायचंय आपल्याला."

मास्तरांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वाटी सरकवून आणखी भात मागितला.