तळ्यातल्या आजोबांचं नाव

इंडोनेशियातल्या तेंपे तळ्यावर जन्म गेला, तरी अंबो सक्का, म्हणजे सक्काचा बाप, पाण्याला भीत असे आणि ते लपवतही नसे. त्याचा धाकटा भाऊ बेद्दू एकदा नावेतून थट्टेने मगरीचं नाव घेऊन ओरडला होता. त्याच आठवड्यात जाळं सोडवायला उतरला, तो वर आलाच नाही. तेव्हापासून अंबो सक्काच्या तोंडी मगरीसाठी फक्त ‘आजोबा’. तळ्यावर सगळेच तसं म्हणतात. हा मात्र म्हणताना मान खाली घालायचा. अधूनमधून अंडं आणि चिकट भातही पाण्यात सोडायचा.

भाची हसरियानी मकस्सरच्या विद्यापीठात शिकत होती. तळ्यावरची बुगिस आणि इंडोनेशियन या भाषांत शब्द कसे घडतात, याची तुलना तिला करायची होती. मामाच्या तरंगत्या घरात बसून ती त्याला बोलतं करी, मोबाइलवर आवाज भरून घेई. बुगिसमध्ये घर म्हणजे ‘बोला’, आणि ‘बोला-बोला’ म्हणजे खेळण्यातलं घर. इंडोनेशियनमध्ये ‘रुमाह’ दोनदा म्हटलं की घरंच घरं! मामाला भारी गंमत वाटे.

मग तिने मगरीचा शब्द काढला.

“बुआया-बुआया. घे,” मामा इंडोनेशियनमध्ये खुशाल म्हणाला.

“आता बुगिसमध्ये.”

“ते नाही, पोरी.”

“अहो, आत्ता तर म्हणालात!”

“ती सरकारी भाषा. आजोबा काय शाळेत गेलेत?”

हसरियानी खो खो हसली, मग चिडली. मकस्सरला दोन वर्षं काढली की आपलं तळं माणसाला उथळ वाटू लागतं. “अर्धीच तुलना सरांपुढे ठेवू? एका शब्दाने काय आभाळ कोसळतंय?”

“सक्का पाण्यात आहे गं.” मामाने दाराबाहेर बोट दाखवलं.

दारासमोरच त्याचा एकुलता मुलगा छातीभर पाण्यात बांबू रोवत होता.

“बरं, तूही इथलीच ना?” मामा म्हणाला. “तूच म्हण.”

“म्हणते की!”

तिने मोबाइल तोंडाशी धरला. सक्काने वळून हात हलवला. त्याच्यामागची जलपर्णी हलली, आणि वारा तर पडलेला. मामाने डोळे मिटून घेतले होते.

“सक्का!” ती किंचाळली. “वर ये! आधी वर ये!”

तो कुरकुरत, निथळत वर आला. मामाने त्याचा दंड घट्ट धरला आणि भाचीकडे पाहिलं.

“आलाय तो. म्हण आता.”

तिने पाण्याकडे पाहिलं. पलीकडे शेजाऱ्यांच्या जाळ्यापाशी कुणाचं तरी डोकं पाण्यावर दिसत होतं. तिने मोबाइल बंद केला.