तुरीच्या पट्टीतून गाडी

दोन जुलै. सकाळी उठल्यावर पहिलं काम, गादी उभी करून तिच्यातलं पाणी निथळू देणं. गाडीच्या छताच्या जोडातून रात्रभर गळत होतं. यजमानांची बाजू भिजली, म्हणून ते माझ्या बाजूला सरकले आणि झोप दोघांचीही गेली.

गाडी म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर. यजमान सरकारी बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर म्हणाले, ज्या गावांवरून नोकरीभर नुसती बस नेली तिथं आता उतरून बघायचंय. सीटा काढल्या, पलंग ठोकला, शेगडी आणि पाण्याचा ड्रम बसवला. चिटगुप्प्यापर्यंत बरं चाललं. मग पाऊस लागला आणि सुटेचना. कपडे वाळत नव्हते. ओला परकर शेगडीच्या उबेवर धरायचा आणि तसाच दमट नेसायचा. मला घरी जायचं होतं, आणि तसं मी रोज सांगत होते.

आदल्या संध्याकाळी मंठाळच्या अलीकडे त्यांनी डांबरी सोडून गाडी शेतवाटेवर घातली. झोपायला शांत जागा म्हणून. आम्ही कमठाण्याचे. आमच्या लाल मातीत पाऊस थांबला की तासाभरात गाडी निघते. इथली माती काळी. उजाडल्यावर बघितलं तर मागची चाकं अर्धी आत गेलेली आणि गाडी कडेच्या चरीकडे कललेली.

"तुम्ही ड्रायव्हर ना?" मी विचारलं.

"बस डांबरीवर असती," ते म्हणाले.

गावातून ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टरवाल्यानं गाडीभोवती चक्कर मारली. "सरळ वढली तर चरीत पलटी व्हती. शेतातून घ्यावं लागतंय."

शेतात तूर दोन-चार पानांवर आली होती. ट्रॅक्टर वळला तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक बाई बांधावरून लंगडत आली आणि त्याच्यापुढं उभी राहिली. माझ्याच वयाची असेल. शेत तिचं होतं.

"कामून घालायलास रे आत? तूर दिसत न्हाई व्हय?"

"मावशे, चारच वळी जातील."

"तुझ्या बापानं पेरल्यात का चार वळी? ही पट्टी घरच्या वरणाची हाय. वर्षाची डाळ हाय माझी."

यजमानांनी खिशातून नोटा काढल्या. तिनं बघितलंही नाही. "ते ठिवा, अण्णा. नांग्या कोण भरणार ते सांगा. सून बाळंतपणाला गेलीय, लेक लातूरला. माझा गुडघा वाकत न्हाई."

नांग्या भरणं म्हणजे रोप गेलं तिथं भोक पाडून पुन्हा बी टाकणं. ओळभर, वाकून.

"मी भरते," मी म्हणाले. चांगुलपणा वगैरे काही नव्हता. पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. आणखी एक पाऊस पडला असता तर आठवडाभर तिथंच राहावं लागलं असतं, त्याच गादीवर.

तिनं मला वरून खाली न्याहाळलं. "येतंय का तुम्हाला?"

"माहेरी केलंय सगळं."

"डांबरीला लागली गाडी की कोण मागं बघतंय, अक्का?"

"मग बी आत्ताच द्या माझ्याजवळ."

ती घराकडं गेली, पिशवीत तुरीचं बी आणि एक खुरपं घेऊन आली, माझ्या हातात दिलं आणि बाजूला झाली.

गाडी निघाली. चार म्हणता पाच ओळी गेल्या. ती बाई पाय लांब करून, आमच्याकडं पाठ करून बांधावर बसली होती. आम्ही डांबरीला लागतो न लागतो तोच सर आली, म्हणून त्या दिवशी नांग्यांना हात लावता आला नाही. शेतवाटेच्या तोंडाशीच, बंद पडलेल्या एका चहाच्या टपरीमागं गाडी लावली. गादी ओलीच होती, मी पलंगाच्या फळीवर चादर टाकून झोपले.

सकाळी जाग आली ती इंजिनाच्या आवाजानं.

"उघडलंय तवर बसवकल्याण गाठू," यजमान म्हणाले. "तिला बी माहीत हाय, कोण थांबत नसतंय."

"म्हणूनच तिनं विचारलं होतं," मी म्हणाले. पिशवी आणि खुरपं घेऊन खाली उतरले.

चाकोऱ्या थापीनं चोपल्यासारख्या घट्ट झाल्या होत्या. पण कडेच्या चिखलात चप्पल दर पावलाला रुतायला लागली, ती काढून बांधावर ठेवली. खुरप्यानं माती भुसभुशीत करायची, बोटानं भोक, दोन बिया, वर माती. ती बाई खोळ घेऊन आली आणि उभ्यानंच बघत राहिली.

"खोल चाललंय. वर घ्या जरा."

मी वर घेतलं. दुसऱ्या ओळीला इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. यजमान पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले आणि पलीकडच्या चाकोरीत बसले. त्यांची निम्मी भोकं खोल पडली. ती मी त्यांना पुन्हा करायला लावली. पाचव्या ओळीला बी संपलं. तेव्हा कंबर सरळ होत नव्हती, आणि तिथंच सोडलं असतं तर ती काही बोलली नसती. मी तिच्याकडून आणखी मूठभर बी मागून घेतलं आणि राहिलेली ओळ भरली.